चाळीच्या अंगणातली तालीम

आमच्या नाटकाला माणसं येत नाहीत, हे आम्ही एकमेकांना कधी सरळ म्हणत नसू. मी मुलुंडच्या एका शाळेत शिकवत होते आणि शाळेचा हॉल रविवारी आमच्या हौशी नाट्यसंस्थेला मिळायचा. माझा नवरा आग्रा रोडवरच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि नाटकं बसवायचा. आमची ओळखही नाटकातच झालेली, त्यामुळे घरात दोघंच असलो की मी त्याला तू म्हणायचे, माणसांत अहो. बाकीची मंडळी कोणी बँकेतली, कोणी रेल्वेतली. महिना दोन महिने तालमी करायच्या, अंगात ताप असला तरी यायचं, आणि प्रयोगाच्या दिवशी पडद्याच्या फटीतून बघावं तर पुढे नटांचे आईवडील, त्यामागे नटांचे शेजारी, आणि मग भिंतीपर्यंत नुसत्या खुर्च्या. हॉल मोठा होता, हेच आमचं दुर्दैव. कोणी खोकलं तरी घुमायचं.

लोकांना नाटक आवडत नव्हतं असं नाही. ते नाटकाला दादरला जायचे. नवी साडी नेसून, गजरा माळून, नावाजलेल्या नटांची नाटकं बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्हालाच त्याचं कौतुक सांगायचे. त्यात आमच्या इमारतीत टीव्ही आला. तळमजल्यावरच्या एकांनी घेतला आणि रविवार संध्याकाळचा सिनेमा म्हणजे अख्खी इमारत त्यांच्या खोलीत. दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना लटकलेली मुलं. आमचा प्रयोग त्याच वेळेला. एका रविवारी तर आमच्या नाटकातल्या नायिकेची सख्खी बहीण टीव्हीपुढे बसलेली मी पाहिली. ती मला बघून ओशाळली आणि मी तिला बघून.

त्या दिवशी घरी येऊन माझा नवरा म्हणाला, "बंद करूया."

मी म्हटलं, "काय?"

"संस्था. कुणासाठी करतोय आपण?"

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे बोलत होता, त्याचीच मला भीती वाटली. नाटक गेलं तर ह्या माणसाचं काय उरेल, आणि आमच्या दोघांत बोलायला काय उरेल, हे मला समजेना.

उपाय मला शाळेतच सुचला. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरून मी स्नेहसंमेलनासाठी घंगाळ नाहीतर कंदील मागून आणला की त्या घरची सगळी माणसं संमेलनाला येत. मुलाचं काम बघायला नव्हे, आपलं घंगाळ बघायला. मी नवऱ्याला म्हटलं, आपण सामान लोकांच्या घरून मागू, आणि तालमीही बंद दाराआड नकोत, लोकांपुढे करू. आग्रा रोडपलीकडे एक मोठी बैठी चाळ होती. कोकणातली माणसं, बहुतेक कारखान्यांत कामाला. माझ्या वर्गातली बरीच मुलं तिथली. चाळीच्या मधोमध मातीचं अंगण होतं, लग्नाच्या पंगती तिथेच उठायच्या.

"अर्धवट नाटक लोकांना दाखवायचं?" नवऱ्याने विचारलं.

"अर्धवटच बघू दे. आपलं वाटेल."

"आणि प्रयोगाला कशाला येतील मग? फुकट बघून झाल्यावर?"

"ते तेव्हा बघू," मी म्हटलं. तो तयार झाला, कारण त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

नाटक आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं होतं. खाडीवर पूल होतो आणि आयुष्यभर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा म्हातारा तरवाला बिनकामाचा होतो, अशी गोष्ट. तरवाल्याच्या कामाला आमच्यात माणूस नव्हता. मग माझे सासरे पुढे आले, किंवा माझ्या नवऱ्याने त्यांना पुढे ओढलं.

मूळ कोकणातल्या बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, उभी हयात गिरणीत काढली होती. तरुणपणी गिरणगावात कामगारांच्या नाटकांतून त्यांनी कामं केली होती आणि त्या वेळचे लोक त्यांना रस्त्यात थांबवून बोलत. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना लालबागहून मुलुंडला आणलं. इथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. सकाळी दुधाच्या बाटल्या आणायच्या, पेपर वाचायचा, गॅलरीत उभं राहायचं, एवढाच दिवस. तरवाल्याचं काम मिळालं आणि माणूस बदलला. दाढी वाढवली. खोकल्यावर औषध घेतलं. मला म्हणाले, "आयकतंस काय गो, जरा वही घेऊन बस माझ्यासमोर."

मी बसायचे, पण वहीपेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघायचे. कारण काही महिन्यांपासून मला एक दिसत होतं, जे माझ्या नवऱ्याला दिसत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं. बाबा दूधकेंद्रावरून परत येताना वळणावर उभे राहायचे. कोणीतरी "आजोबा, इकडे" म्हणालं की यायचे. एकदा तपकिरीची डबी तांदळाच्या डब्यात सापडली. एकदा त्यांनी मला सासूबाईंच्या नावाने हाक मारली आणि मी वळल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वय झालंय. होतं असं."

"स्टेजवर झालं तर?"

"पाठांतर पक्कं आहे त्यांचं. तूच घेतेस ना?"

पाठांतर पक्कं होतं, हे खरंच होतं. मग एका दुपारी मी धीर करून बाबांनाच विचारलं, "बाबा, काम झेपेल ना?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका म्हायत आसा गो. घरातला इसारतंय मी. नाटकातला नाय इसारणार."

 त्यांनाही माहीत आहे, हे कळल्यावर माझी धास्ती कमी व्हायला हवी होती. ती वाढली.

चाळीतल्या तालमी सुरू झाल्या. पहिल्या रविवारी मुलं आणि दोनतीन कुत्री, एवढाच प्रेक्षक. बायका दारातून बघत होत्या, जवळ यायला तयार नव्हत्या. मी घरोघर गेले. कोणाकडे तरवाल्यासाठी जुनी घोंगडी मागितली, कोणाकडे कंदील, कोणाकडे नवरीसाठी हिरवं लुगडं. "कशाला हवंय?" "नाटकात." "फाडशाल." "नाही फाडणार, तुम्ही या आणि बघा." हळूहळू गोणपाटं टाकून बायका बसायला लागल्या. तांदूळ निवडत, मुलांच्या वेण्या घालत बघायच्या. अंगणाला विंगा कुठल्या असणार? मी वही घेऊन बायकांच्यातच बसायचे आणि तिथूनच प्रॉम्प्टिंग करायचे. बाबांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ते चांगला कान आमच्याकडे करून उभे राहायचे.

माझ्या शेजारी नेहमी एक म्हातारी बसायची. मालवणकडची, विधवा, मुलाजवळ राहणारी. सगळी चाळ तिला मावशी म्हणायची. तिची घोंगडी नाटकात होती. ती फारसं बोलत नसे, पण बाबांचं शेवटचं भाषण आलं की हातातलं काम बाजूला ठेवायची.

ते भाषण म्हणजे नाटकाचा जीव होता. पुलाकडे तोंड करून म्हातारा आठवतो, माझ्या तरीतून कोण कोण पार गेलं. आधी शाळामास्तर, पत्र्याची पेटी घेऊन. मग टपालवाला. मग नवरी, तर हलली तशी तिने माझा खांदा धरला. मग डोक्यावर गणपती घेतलेले लोक, कंबरभर पाण्यातून चढलेले. मग सुईण, आणि शेवटी त्याच नवरीचं प्रेत. बाबा ते अंगणात म्हणायचे तेव्हा नळावरच्या बायकासुद्धा हंडे तसेच ठेवून ऐकत.

तालमीनंतर माझा नवरा लोकांना विचारायचा, काय पटलं, काय नाही. पहिल्यांदा सगळे हसायचे. मग बोलायला लागले. एकजण म्हणाला, पूल वाईट दाखवू नका, पूल नव्हता म्हणून माझी बहीण दवाखान्यात पोचली नाही. ह्यावर अंगणात जोराचं भांडण झालं. माझा नवरा घरी येताना रस्त्यात एकटाच हसत होता. कित्येक महिन्यांनी मी त्याला तसं बघितलं.

प्रयोग आम्ही रविवारी दुपारी ठेवला, सिनेमाच्या आधी संपेल असा. त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नाही. दोन गोष्टींची भीती होती आणि कुठली मोठी ते ठरत नव्हतं. कोणी आलं नाही तर काय, ही एक. आणि सगळे आले आणि बाबा अडकले तर, ही दुसरी.

सगळे आले. पडद्याच्या फटीतून बघितलं तर चाळीतली माणसं रांगेने आत येत होती, पुरुष इस्त्रीच्या शर्टात, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. खुर्च्या पुरल्या नाहीत. शिपायाने वर्गातली बाकं आणली. माझा नवरा माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि त्याच फटीतून बघू लागला. मी मागे वळून विंगेत बाबांकडे पाहिलं. ते घोंगडी पांघरून उभे होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

पहिला अंक छान झाला. दुसराही. शेवटच्या भाषणाला बाबा उभे राहिले आणि माझ्या लक्षात आलं की आपण एक गोष्ट विसरलो. इथे मी विंगेत होते, त्यांच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला. सवयीने त्यांनी चांगला कान प्रेक्षकांकडे केला होता.

शाळामास्तर गेला. टपालवाला गेला. आणि बाबा थांबले.

आधी मला वाटलं, अभिनय आहे. मग त्यांचा हात दिसला. घोंगडीच्या काठाशी बोटं काहीतरी शोधत होती. मी वाक्य सांगितलं. ऐकू गेलं नाही. मोठ्याने सांगितलं. वरचे पंखे घरघरत होते. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. अख्खा हॉल गप्प होता आणि ती शांतता संपतच नव्हती.  नवरा दुसऱ्या विंगेतून पडदा ओढायची खूण करत होता.

तेवढ्यात प्रेक्षकांतून आवाज आला, मोठा नाही, घरात बोलावं तसा. "नवरी इली मग. नवरी."

मावशींचा आवाज होता. मग दुसरी बाई म्हणाली, "खांदा धरला तिने." मग आणखी कोणी, मागच्या बाकावरून. बाबांनी त्या दिशेने मान वळवली. त्यांनी वाक्य उचललं, पुढे गेले. गणपतीपाशी पुन्हा अडखळले, तर चारपाच जण एकदम बोलले. शेवटच्या प्रेतापर्यंत ते असेच पोचले, निम्मं स्वतः आणि निम्मं लोकांच्या हाताला धरून. पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात. लोक उभे राहून एकमेकांकडे बघत होते, जणू काही त्यांनीच काम केलं होतं.

आमच्या मंडळींनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी बाबांना शोधायला गेले. मेकअपसाठी घेतलेल्या पहिलीच्या वर्गात ते मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे जवळ घेऊन बसले होते. तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला.

"बाबा, लोक बोलावतायत तुम्हाला."

ते म्हणाले, "काम कोणी केला आज? मी काय त्यांनी?"

"तुम्हीच केलं."

"खोटा बोलू नको गो. माका त्यांनी भीक घातली."

ते बाहेर आले नाहीत. घरी आल्यावर जेवले, झोपले, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. दाढी काढून टाकली. गॅलरीतही उभे राहीनात, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पुढचा प्रयोग जाहीर झालेला होता. माझा नवरा दुसरा नट शोधत होता आणि चाळीतून निरोप येत होते, आजोबाच हवेत.

हे ऐकून मला बरं वाटत होतं, पण एक दिवस बाजारात ते समाधान गेलं. भाजीवाल्याशी चाळीतला एक तरुण बोलत होता. "मागच्या वेळी म्हातारा अडकला ना, जाम मजा आली. आम्ही बोललो मग. आता बघू कुठे अडकतो." तो वाईट मुलगा नव्हता. मला बघून हसून नमस्कारही केला त्याने. मी पिशवी घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. माणसं यावीत म्हणून मी दारोदार फिरले होते. माणसं आली होती, पुन्हा येणार होती. पण ती कशासाठी येणार होती? त्या तरुणासारखे किती असतील? आणि त्यांच्यासमोर मी ह्या माणसाला पुन्हा उभं करू का?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग नको करू दे त्यांना. मी करतो तरवाला." पण त्याच्या आवाजात दम नव्हता. बाबांशिवाय ते नाटक उभं राहणार नाही, हे त्यालाही माहीत होतं.

दोनेक दिवसांनी दुपारी दार वाजलं. मावशी होत्या, नातीला बरोबर घेऊन. मला वाटलं घोंगडी न्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्यांक बघूक इलंय." मी चहा टाकला. बाबा उठून बसले. मावशी पदराशी चाळा करत बसल्या. मग बाबाच म्हणाले, "उपकार केलास तुम्ही त्या दिवशी." म्हणण्याची रीत अशी की उपकार हा शब्द टोचावा.

मावशी म्हणाल्या, "कसले उपकार?"

"मी इसारलंय आणि तुम्ही सांगितलास."

"तुम्ही इसारलास?" त्या खरोखर गोंधळल्या. "माका वाटला, तुम्ही इचारतास. कोण इला मग, असा. म्हणान मी सांगितलंय. मी तशाच तरीतून इलंय लग्न करून. खांदो पण धरलंय तरवाल्याचो, सासू वराडली माझ्यार."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "खंयची खाडी?"

मावशींनी सांगितलं. बाबांना ती खाडी ठाऊक होती. मग कुठली वाडी, कुठलं देऊळ, कोणाची बाग, असं सुरू झालं. मी चहा देऊन आत आले. भिंतीआडून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. बाबा दोन गावांची नावं विसरले आणि मावशींनी सांगितली. एक मावशी विसरल्या, ती बाबांनी सांगितली.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "वही काढ."

दुसऱ्या प्रयोगाला मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूची विंग घेतली. हॉल पुन्हा भरला. बाजारातला तो तरुणही मित्रांना घेऊन आला होता, आणि त्याला बघून मी वहीत शेवटच्या भाषणाचं पान आधीच काढून ठेवलं. शेवटच्या भाषणाला लोक पुढे सरकून बसले. टपालवाल्यानंतर बाबा थांबले. कोणीतरी "न" म्हणालं आणि गप्प झालं, कारण बाबांनी हात वर केला होता. ते स्वतःच म्हणाले, "नवरी." आणि शेवटपर्यंत कुठेही न अडकता गेले. टाळ्या झाल्या, पण मागच्या खेपेइतक्या नाहीत. लोकांना बोलायला मिळालं नाही, त्याचा थोडा हिरमोड झालाच होता. तो तरुण मात्र खुर्चीत तसाच बसून होता. त्याचे मित्र उठून गेले तरी.

घरी जाताना बाबा रस्त्यात म्हणाले, "बस झाला आता." आम्ही दोघांनी त्यांना आग्रह केला नाही.

त्यांचं विसरणं नंतर वाढत गेलं. दूध आणणं बंद केलं, मग एकट्याने खाली उतरणं. पण रविवारी चाळीत तालीम असली की त्यांना न्यावंच लागायचं. नव्या नाटकात त्यांना काही कळायचं नाही. ते मावशींच्या शेजारी बसून राहायचे. माझं अर्धं लक्ष वहीत आणि अर्धं त्यांच्याकडे, ते उठून कुठे जातील का म्हणून. एकदा उठलेच, आणि मी धावणार तोवर चाळीतल्या बायकांनी त्यांना हाताला धरून परत बसवलंही होतं. संस्थेकडे आता प्रेक्षक होता. प्रत्येक प्रयोगाला चाळीतली माणसं यायची, नाटक आवडलं नाही तर तोंडावर सांगायची, तरी पुढच्या वेळी यायची. आणि मी प्रत्येक वेळी फटीतून बघताना तितकीच घाबरलेली असायचे. ते कधी गेलं नाही.

बाबा गेले ते थोड्याशा आजाराने, घरातच. चाळीतली बरीच माणसं भेटायला आली. मावशींना चालवत नव्हतं, तरी आल्या. भिंतीला टेकून बसल्या.  जायला उठताना त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पुढची तालीम कधी?"

मला क्षणभर राग आला. ही काय वेळ आहे, असं वाटलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. नवं नाटक हातात नव्हतं, करायचं की नाही तेही ठरलं नव्हतं.

मी म्हटलं, "तेरावा झाला की. त्याच्या पुढच्या रविवारी."

त्यांनी मान हलवली आणि नातीचा हात धरून जिना उतरल्या. नाटक कुठलं करायचं, हा विचार मी दार लावता लावताच करायला लागले होते.